अंगठाभर जागा

आमच्या घरी संध्याकाळचा चहा घड्याळावर होत नसे, बाबांच्या पायांवर होत असे. फॅक्टरीची बस जवाहरनगरच्या आमच्या क्वार्टरजवळच्या कोपऱ्यावर थांबली की बाबा यायचे, व्हरांड्याच्या पायरीवर बसायचे, सेफ्टी शूजच्या करकचून बांधलेल्या नाड्या सोडायचे, बुटांच्या नाकातून जुन्या लुंगीचे दोन बोळे उपसून कडेला ठेवायचे आणि मग दोन्ही पाय जमिनीवर आपटायचे. धप, धप, धप. तो आवाज आला की आई आत पातेलं चढवायची, आणि आपटणं थांबेपर्यंत चहाला उकळी आलेली असायची. पायांत मुंग्या येतात, त्या झटकाव्या लागतात, असं बाबांचं म्हणणं. मला लहानपणी वाटायचं की कामावरून आले की सगळ्यांचेच बाबा पाय आपटतात. समोरच्या क्वार्टरमधले फिटरकाका कधी आपटत नसत, म्हणून ते कामावर जात नसावेत असा मला बरीच वर्षं संशय होता.

बाबांचं पादत्राणांविषयीचं सगळं तत्त्वज्ञान एका अंगठ्यात मावत होतं. शाळा उघडायच्या आधी आम्ही भंडाऱ्याच्या बाजारात बूट घ्यायला जायचो. मी बुटात पाय घालून उभी राहायची आणि बाबा खाली बसून माझ्या टाचेमागे स्वतःचा अंगठा घालून बघायचे. अंगठा सहज आत गेला तर बूट पास. अडला तर दुकानदाराला म्हणायचे, "याच्यावरचा दाखव." दुकानदार एकदा वैतागून म्हणाला, "भाऊ, पोरगी हरवून जाईन न बुटात." बाबा शांतपणे म्हणाले, "बूट वाढत नाही, पाय वाढते." लोक अंथरूण पाहून पाय पसरतात. आमच्याकडे आधी अंथरूण आणायचे आणि पाय पसरेपर्यंत वाट बघायची.

आईचं शास्त्र बरोबर उलटं होतं, पण ते फक्त बांगड्यांपुरतं. कासारीण यायची तेव्हा आई माझा हात साबणाच्या पाण्यात बुचकळून तिच्या पुढ्यात द्यायची आणि सांगायची, लहानातली लहान भर. माझे डोळे पाण्याने भरायचे, हाताची हाडं एकमेकांवर चढायची, आणि आई म्हणायची, "ढिली बांगडी नाचते अन् फुटते. घट्ट बसली की हातातली होऊन जाते." एकाच घरात हात एका पंथाचे आणि पाय दुसऱ्या पंथाचे, आणि दोन्ही माझेच.

या बुटांचा एक फायदा मात्र झाला. शाळेच्या धावण्याच्या शर्यतीत माझा बूट निघून पंचांच्या मांडीवर जाऊन पडला, तेव्हापासून मी अनवाणी पळायला लागले आणि अनवाणी पळूनच नंबर काढायला लागले. कॉलेजात गेल्यावर आमच्या खेळाच्या सरांनी सांगितलं की हिमालयात बर्फावर घसरायचं एक शिबिर आहे, पायात पट्ट्या बांधून डोंगरावरून खाली यायचं, कॉलेजातून एक जण पाठवायचा आहे, तर मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. बर्फ मी तोवर दोनच ठिकाणी पाहिला होता, गोळेवाल्याच्या गाडीवर आणि मासोळीच्या बाजारात. पण उतारावरून खाली येण्यात काय कठीण असणार, असा माझा हिशोब होता. खाली तर दगडही येतो.

ही बातमी बाबांनी फॅक्टरीच्या बसमध्ये सांगितली आणि तिथून ती माझ्या हातात राहिली नाही. आठवड्याच्या आत बस थांब्यावर फ्लेक्स लागला. त्यावर माझा कॉलेजच्या ओळखपत्रातला घाबरलेला चेहरा, मागे कुणी एक गोरा गृहस्थ बर्फातून उडी मारताना, आणि वर मोठ्या अक्षरांत 'भंडारा जिल्ह्याची पहिली बर्फकन्या'. आता गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यापासून आमच्या जिल्ह्यात कशातही पहिलं येणं तसं सोपं झालं होतं, पण हे फ्लेक्सवर कोण लिहितो. आमच्या बुद्धविहारात माझा सत्कार झाला. शाल मिळाली, पुष्पगुच्छ मिळाला, आणि 'हिने जे करून दाखवलं' या विषयावर दोघांची भाषणं झाली. मी अजून सामानही भरलं नव्हतं. आधी कळस मग पाया म्हणतात ते हेच.

फिटरकाकांनी सत्काराच्या चहाबरोबर विचारलं, "अन् पोरगी रडत वापस आली त?"

बाबा म्हणाले, "माही पोरगी पहाडावरून आपल्या पायानं खाली येईन अन् बिल्ला घेऊन येईन. नाही आली त मी तवापासून बसनं नाही, पैदल येत जाईन फॅक्टरीत."

हे त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं. बाबा शब्दाला पक्के होते, म्हणजे मी पडले तर ते खरोखरच पायी गेले असते, त्या बुटांतून.

मग सराव सुरू झाला. बर्फ नाही तर नाही, भंडाऱ्याजवळच्या एका राईस मिलच्या मागे धानाच्या भुशाचा डोंगर होता आणि मिलचा मुनीम बाबांच्या ओळखीचा होता. बाबांनी बांबू चिरून दोन लांब पट्ट्या केल्या, त्या स्वतःच्या सेफ्टी शूजना सुतळीने बांधल्या, आत लुंगीचे बोळे दुप्पट केले आणि मला त्या डोंगराच्या माथ्यावर नेऊन उभं केलं. मिलमधले सगळे लोक काम सोडून बाहेर आले. मी बाबांकडे पाहिलं, बाबांनी मान हलवली, आणि मी झोकून दिलं. घसरणं वगैरे काही झालं नाही. मी जागच्या जागी कमरेपर्यंत आत गेले. मला काढायला जे दोघे आले तेही गुडघ्यापर्यंत गेले. वर काढलं तेव्हा पायांत नुसते मोजे होते, बूट आतच राहिले होते आणि ते फावड्याने शोधावे लागले. बाबा अंगावरचा भुसा झटकत म्हणाले, "बर्फ याच्यापेक्षा घट्ट असते." पुढे बरेच दिवस मी आणि बाबा दोघेही खाजवत होतो. बाबा तर बसमध्ये उभ्याने खाजवत होते, म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

बपेऱ्याची मावशी राज्याच्या सीमेपलीकडून लोकर आणायची. तिने माझ्यासाठी मोज्यांचे दोन जोड विणले. थंडी म्हणजे काय याची तिला कल्पना नव्हती, म्हणून तिने कल्पनेत येईल तेवढे जाड विणले. उभे केले तर ते मोजे पाय नसतानाही उभे राहायचे. आईने जवसाची चटणी, मुरमुऱ्याचे लाडू आणि ते मोजे एकाच पिशवीत भरले आणि मी निघाले.

शिबिर पहाडात खूप वर होतं. आम्हाला शिकवणारे निवृत्त फौजी होते, सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे आणि ते आम्हाला राज्याच्या नावाने हाक मारायचे. मी महाराष्ट्र होते. माझ्या खोलीत नाशिकची एक मुलगी होती, ती आधी आली होती तरी महाराष्ट्र मीच, ती नुसती 'दूसरी महाराष्ट्र'. यावरून ती माझ्यावर पहिल्या दिवशी रुसली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या चटणीने आमचं जमलं.

बूट एका टिनाच्या शेडमध्ये ओळीने मांडलेले होते. बूट कसले, पायात घालायच्या बादल्याच. कडक प्लास्टिकचे, नडगीपर्यंत उंच, आणि समोर लोखंडी खटके. टाचेवर आकडे होते पण ते आपल्याकडच्या नंबरांसारखे नव्हते. उस्ताद म्हणाले, "जो फिट आए, वो ले लो." आता फिट म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी बुटात पाय घातला, खाली वाकले आणि टाचेमागे अंगठा घातला. अडला. त्याच्यावरचा घेतला. अडला. त्याच्यावरच्यात अंगठा छान गेला, मावशीच्या मोज्यांचे दोन्ही जोड आत मावले, आणि मी ऐटीत बाहेर आले. नाशिकची मुलगी तिच्या बुटात पाय कोंबत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला तिची कीव आली. हिच्या घरी कुणी शिकवलं नाही, असं वाटलं.

बर्फावर गेल्यावर कळलं की मी उजवीकडे वळायचं ठरवलं तर पाय वळतो, बूट वळत नाही. पाय आतल्या आत उजवीकडे तोंड करतो आणि बूट, पट्टी आणि मी तिघेही सरळ जातो. मी सरळ गेले. समोर उस्तादांच्या चहाचं टेबल होतं. ते उभे राहून कप वाचवत म्हणाले, "महाराष्ट्र, ब्रेक घर पे छोड़ आई क्या?"

मग मी खटके आवळले. ढिलं असलं की आवळायचं, हे तर कुणालाही सुचेल. शेवटच्या खाचेपर्यंत आवळले, इतके की नडगीवर खटक्यांचे काळेनिळे ठसे उठले. आता पाय वरून आवळलेला, आत दोन मोज्यांत गुंडाळलेला आणि पुढे अंगठ्याजवळ रिकामी कोठी. आधी पाऊल दुखायला लागलं, मग जळायला लागलं, आणि मग काहीच कळेना. हे काहीच न कळणं मला सुरुवातीला बरं वाटलं. मी नाशिककरणीला अभिमानाने सांगितलंसुद्धा की माझे पाय आता सरावले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खोलीत तिने माझी परीक्षा घेतली. मी डोळे मिटायचे, ती केसांच्या पिनेने अंगठ्याला टोचणार, कळलं की मी सांगायचं. मी डोळे मिटून बसले. बराच वेळ झाला तरी काही होईना, म्हणून मी म्हटलं, "अगं, टोच ना."

ती म्हणाली, "कधीची टोचतेय."

तेव्हा मी घाबरले. अंगठा पांढराफटक पडला होता आणि तो माझ्याच पायाला कुणी दुसऱ्याचा लावलाय असं वाटत होतं. शेडच्या मागे एका दगडावर उभं राहिलं की मोबाईलला रेंज यायची. तिथे उभी राहून मी बाबांना फोन लावला.

"बाबा, पाय बधिर होऊन राहिले. काहीच समजत नाही मले."

"बूट ढिला होते का?"

"थोडासा."

"मंग कापूस भर न पुढं. अन् मोजा अजून एक घाल, थंडीनं होऊन राहिलं ते." मग फोनमध्ये कुजबुज ऐकू आली. बाबा त्या वेळी बसमध्ये होते. "फिटरकाका म्हणून राहिले का मोहरीचं तेल चोळ. अन् बाई, सगळे विचारून राहिले, पहाडावरून कधी येतं खाली?"

"शेवटच्या दिवशी, बाबा."

"येजो बरोबर," बाबा म्हणाले. आवाज खाली करून म्हणाले, "मी सांगून बसलो सगळ्यायले."

मी कापूस मागून आणला. भरला. नाशिककरणीचा एक मोजा उसना घेतला. तेल चोळलं. आता माझा पाय लोणच्याच्या बरणीत दडपलेल्या फोडीसारखा झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी खटके लावले आणि दुपारच्या आत दोन्ही पाय घोट्याखाली गेल्यातच जमा. मी पडले, उठले, पुन्हा पडले. उठताना पाय कुठे ठेवलाय ते खाली बघून ठरवावं लागे. उस्तादांनी शेवटी मला बसवलं, बूट काढायला लावले आणि अंगठे दाबून पाहिले. त्यांची मिशी पहिल्यांदाच गंभीर दिसली.

"कल आखिरी दिन है," ते म्हणाले. "ऊपर से अकेले नीचे आना है, तभी बिल्ला मिलेगा. सुबह पैर ऐसे ही रहे तो ऊपर नहीं भेजूँगा. नीचे वाली गाड़ी में बैठना."

मला एकदम फ्लेक्स दिसला. त्याच्या खालून बाबा, हातात डबा, ढगळ सेफ्टी शूज फरफटत फॅक्टरीकडे पायी चाललेत आणि बसच्या खिडकीतून फिटरकाका हात हलवतायत. बर्फ पाहून रडायला येत नव्हतं ते हे चित्र पाहून आलं.

सकाळी मी स्वयंपाकघरातून गरम पाणी मागून पाय बुडवून बसले. हळूहळू अंगठ्यांत जीव आला. आला म्हणजे असा आला की किंचाळावंसं वाटलं, पण मला त्या दुखण्याचा आनंदच झाला. या शेकण्यात उशीर झाला. शेडमध्ये पोचले तर माझे बूट जागेवर नाहीत. हरियाणाची एक चांगली उंचपुरी मुलगी त्यातला कापूस काढून ते घालून वर निघूनही गेली होती. तिच्या पायाला ते बरोबर बसले होते म्हणे. शेडमध्ये एकच जोड उरला होता, आणि टाचेमागे अंगठा तर सोडा, नखही जाईना.

बाबांना फोन करावा म्हणून हात खिशात गेला. पण बाबा काय सांगणार ते मला पाठ होतं. खाली गाडी सुरू होऊन उभी होती आणि उस्ताद हाका मारत होते. मावशीचे मोजे या बुटात जाणं शक्यच नव्हतं. पिशवीत शाळेच्या युनिफॉर्मचे जुने पातळ पांढरे मोजे होते, ते चढवले आणि पाय आत ढकलायला लागले. पाय अर्ध्यावर अडला, आणि मला कासारीण आठवली. साबणाचं पाणी, एकमेकांवर चढलेली हाडं, आणि आईचं ते ढिली बांगडी नाचते अन् फुटते. चार दिवस मी पायात ढिली बांगडी घालून नाचत होते. मी डोळे गच्च मिटले आणि बांगडी भरतात तसा पाय आत भरला.

उभी राहिले तर बोटं पुढे टेकलेली. आता तर मेलेच, असं वाटलं. उस्ताद लांबून ओरडले, "घुटना मोड़, महाराष्ट्र, घुटना." गुडघे वाकवले तशी टाच मागे सरकून बुटाच्या खोबणीत बसली आणि बोटं मोकळी झाली. खटके नुसते टेकवले तरी पुरले. मी उभ्या उभ्या बोटं हलवून पाहिली. हलली, आणि हललेली मला कळली. अंगठा मला परत मिळाला होता.

उस्तादांनी अंगठ्यांबद्दल विचारलं, मी हलवून दाखवतेय असं सांगितलं. बुटाच्या आत काय दिसणार, पण त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहून मला वर पाठवलं.

वरून पाहिलं तर खालची माणसं मोहरीएवढी दिसत होती. मी मनात धानाचा भुसा आणला, बाबांची हललेली मान आणली, आणि झोकून दिलं. यावेळी आत गेले नाही. उजवीकडे वळायचं ठरवलं आणि उजवीकडे वळले. मी, बूट, पट्ट्या, सगळे मिळून. याचं मला इतकं आश्चर्य वाटलं की डावीकडे वळायचं राहूनच गेलं आणि मी उस्तादांच्या चहाच्या टेबलाकडे निघाले. त्यांनी या खेपेस आधीच कप उचलला. पण मी आयत्या वेळी वळले, टेबलाला वळसा घातला आणि खाली येऊन थांबले. थांबल्यावर बसले, पण ते थांबल्यानंतर, त्यामुळे धरलं नाही. उस्ताद म्हणाले, "आ तो गई." आणि त्यांनी माझ्या जाकिटाला पितळेचा बिल्ला लावला.

घरी आले तेव्हा फ्लेक्सचा एक कोपरा सुटून गोऱ्या गृहस्थाच्या तोंडावर आला होता, माझा चेहरा शाबूत होता. आईने बिल्ला हातात घेऊन, नखाने वाजवून, पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्याच्या बाईने करावी तशी पारख केली आणि म्हणाली, "आपल्या इथलं पितळ याच्यापेक्षा चांगलं." बाबा तो बिल्ला खिशात घालून बसमध्ये घेऊन गेले.

तिथे त्यांनी काय सांगितलं ते मला फिटरकाकांकडून कळलं. पोरगी अडकली होती, पाय बधिर झाले होते, मग फोनवर बाबांनी कापूस भरायला सांगितला आणि पोरगी सरसर खाली आली. बसमध्ये बाबांचं वजन इतकं वाढलं की लोक त्यांना बुटांबद्दल सल्ला विचारायला लागले. फिटरकाकांनी नवा बूट दोन नंबर मोठा घेतला आणि आत कापूस भरला. एका संध्याकाळी समोरच्या व्हरांड्यातूनही धप, धप ऐकू आलं, आणि मला तोंडावर ओढणी घेऊन आत पळावं लागलं. बाबांचा शब्द राहिला होता, मिरवू देत चार दिवस, त्यात माझं काय जातं, असं मी ठरवलं. खरं म्हणजे मला त्यात मजाच येत होती.

पण माझा उजवा अंगठा काही पुरता जागा झाला नव्हता. मधूनच त्यात मुंग्या यायच्या. एकदा संध्याकाळी बाबा पायरीवर पाय आपटत होते, मी शेजारी बसून अंगठा चोळत होते.

बाबांनी आपटणं थांबवून विचारलं, "तुह्याही पायात मुंग्या?"

"बर्फातल्या बुटानं."

"आधी दुखते," बाबा म्हणाले, "मंग जळते. अन् मंग काहीच नाही समजत. असंच न?"

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. फोनवर मी फक्त बधिर म्हटलं होतं. मी बाबांच्या पायांकडे पाहिलं. ते पाय मी रोज पाहत होते, पण त्या दिवशी नीट पाहिले. करंगळ्या आत वळलेल्या, अंगठ्यांची नखं काळी, आणि शेजारी ते लुंगीचे दोन बोळे, बुटाच्या नाकाचा आकार घेऊन पडलेले.

"बाबा, तुमच्या पायाचा नंबर किती?"

"पाय सातचा आहे," ते म्हणाले. "बूट नऊचा घेतो मी."

"कधीपासून?"

"नोकरीले लागलो तवापासून. अंगठाभर जागा नको का?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. इतकी वर्षं आम्ही ज्या आवाजावर चहा ठेवत होतो तो आवाज बाबांच्या दुखण्याचा होता, आणि घरातल्या कुणाला ते कळलं नव्हतं, त्यांना स्वतःलाही नाही. मग मी सगळं सांगून टाकलं. कापूस भरलेले बूट सुटले तेव्हा उतरले, मावशीचे मोजे घातलेच नव्हते, बूट लहानातला लहान होता, आणि शेवटी कामी आलं ते आईचं बांगडीचं शास्त्र.

बाबा म्हणाले, "मंग त बसमध्ये मी फोकनाड्याच मारून राहिलो."

"तसं नाही, बाबा. थापा कशाच्या?"

"तसंच आहे." त्यांनी एक बोळा उचलून हातात फिरवला. "माहा पहिला बूट माह्या बाबानं घेतला होता. लाखांदूरच्या बाजारातून. मी हायस्कुलात गेलो तवा. गावात आमच्या आधीच्या लोकायनं पायात काही घातलंच नव्हतं, घालूच देत नव्हते कोणी. बाबानं टाचेमागं अंगठा घालून पाह्यला अन् मोठ्यातला मोठा घेतला. मी तो बूट धानाच्या बांधीवरून हातात धरून न्यावो, शाळेजवळ गेलो का घालो. त्याले वाटे, पोरगा खूप मोठा होईन." हातातला बोळा खाली ठेवून ते म्हणाले, "पाय काही तेवढा वाढला नाही."

माझ्या टाचेमागे बाबांचा अंगठा जायचा तेव्हा मला तो कंजूषपणा वाटायचा आणि मी मैत्रिणींसमोर लाजायची. दर वर्षी ते तिथे काय मोजत होते हे मला त्या पायरीवर कळलं, आणि मला रडू आवरेना. बाबांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "फिटरले कोण सांगन आता?"

फिटरकाकांना मीच सांगितलं. ते म्हणाले, तरीच.

पुढच्या वेळी सेफ्टी शूज घ्यायची वेळ आली तेव्हा बाबांनी सात नंबर मागितला. देणाऱ्याने विचारलं म्हणे, "का जी, पाय आटले का तुमचे?" पहिल्या दिवशी ते घालून निघाले तेव्हा त्यांची चाल अशी काही बदललेली होती की आई दारातून बघत राहिली.

त्या संध्याकाळी मी आत अभ्यास करत होते आणि आई सुपात तांदूळ निवडत होती. बस थांबून गेल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "काहून आले नाही तुह्ये बाबा अजून? पाह्य बरं."

मी बाहेर गेले. बाबा पायरीवर बसले होते. बूट शेजारी, बोळे नाहीत. दोन्ही पाय नुसते जमिनीवर टेकवलेले, आणि ते बोटं एकेक करून हलवून बघत होते, बाळ स्वतःच्या पायांकडे बघतं तसे.

आई माझ्यामागून दारात आली. "अजी, तुम्ही कवाचे येऊन बसले?"

"कवाचा आलो न. चहा कुठी आहे?"

"आवाज नाही आला त मले कसं समजन?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही पाय चांगले वर उचलले आणि जमिनीवर आपटले. धप, धप, धप. आईने आत जाऊन पातेलं चढवलं.